जबड्याचा फोटो

मालेगावच्या स्टँडवर वाशीमची एस.टी. आली तेव्हा आत एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर एक खोकं बसलं होतं. चपटं, काळ्या कागदात गुंडाळलेलं. खिडकीशी बसलेल्या माणसानं त्याच्यावर असा हात ठेवला होता, जसं ते त्याचं झोपलेलं लेकरूच.

"हे उचलता का?" मी विचारलं.

माझा उजवा गाल पुरीसारखा फुगला होता. वरून पदर आवळून धरलेला. त्यामुळे शब्द तोंडातल्या तोंडातच राहिले.

"काय म्हटलं?"

"खोकं!" मी ओरडले, आणि कळ थेट कानात गेली.

त्यानं ते घाईनं मांडीवर घेतलं. "बसा. पन तुमचा पदर ओला आहे, जरा सांभाळून. याले पानी एक वेळ चालते, उजेड चालत नाही."

चौऱ्याहत्तर साल. हस्ताचा पाऊस, जाता जाता दारं-खिडक्या ठोकून जाणारा. बाबांना पुढे ड्रायव्हरच्या मागे कोणीतरी सरकून जागा दिली होती. आमचे बाबा म्हणजे पंजाबराव गुरुजी, मालेगावच्या शाळेत मास्तर, पार वाशीमपर्यंत ओळखीचे. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला विचारायचा धीर झाला.

"काय आहे त्याच्यात?"

"फोटोचा माल. अकोल्याहून आनला."

"फोटोग्राफर आहात?"

"तसंच समजा. पन माह्या फोटोत कोनी हसत नाही. डोळे येत नाहीत, केस येत नाहीत. गोरं कोन अन् काळं कोन, तेही समजत नाही."

"मंग कोन काढून घेते असा फोटो?"

"ज्याले दुसरा इलाज नसते तो."

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी. त्यानं पाहिलं. "दाढ?"

मी मान हलवली.

"वय?"

"एकोणीस."

"मंग अक्कलदाढ असन. येऊन राह्यली बिचारी... काही लोकायले जरा उशिरा येते."

"तुमाले आली का?"

"मी अजून वाट पाहून राह्यलो," तो म्हणाला. अगदी गंभीर चेहऱ्यानं.

पुढे झोडग्याच्या आसपास पावसानं दिशा बदलली. त्या खिडकीची काच खाली येईना. त्यानं खोकं पोटाशी धरलं आणि आपली पाठ खिडकीकडे केली. शर्ट भिजून खांद्याला चिकटला, पण खोक्यावर थेंब नाही... आणि माझ्या सुजलेल्या गालावरही नाही. तेवढं मी वाशीम येईपर्यंत दहा वेळा तरी पाहिलं असेल.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी घरातले देव, दोरे, गंडे गोळा करून नदीत सोडले होते. आणि मायला सांगितलं होतं, "या घरात पुन्हा ताईत दिसला तर तुह्या हातचं जेवनार नाही." बाबा बोलले की बोलले. अठरा वर्षांत घरात एक दोरा आला नव्हता. पण माझी दाढ ठणकायला लागली, मी चार रात्री कण्हत काढल्या, आणि माय खचली. भागिरथा तिचं नाव. बाजाराच्या दिवशी तिनं एका फकिराकडून ताईत आणला. तांब्याच्या पत्र्याची चपटी चौकोनी डबी, अंगठ्याच्या नखाएवढी, एका बाजूला बारीक कडी. निघायच्या सकाळी वेणी घालताना तिनं तो उजव्या कानामागे केसांत गुंफून टाकला आणि वरून रिबन बांधली.

"बाबाले सांगू नको बरं," ती कानात म्हणाली. मी तिला शब्द दिला.

वाशीमला ज्या खासगी दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. त्यांनी माझं तोंड जेमतेम बोटभर उघडून पाहिलं. "जबड्याचा एक्स-रे काढा. देवमन!"

आणि आतून आला तो खोकंवाला. शर्ट अजून ओलाच.

बाबांना पाहून त्यानं "जयभीम गुरुजी" केला. मला पाहून काहीच केलं नाही. पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या, आणि मला ते आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू?

एक्स-रेच्या खोलीत सगळ्या खिडक्यांना काळा रंग. मधे ती मशीन, लांब मान काढून उभी.

"चावत नाही ते," देवमन म्हणाला. "नुसतं गुनगुनते. तेवढा वेळ हलाचं नाही, गिळाचं नाही, हसाचं तर मुळीच नाही. हलले की फोटो हलला. कानातल्या कुड्या काढा. नाकातली चमकी. केसातले आकडे. जे जे धातूचं आहे ते सगळं. त्याची सावली हाडावर पडते, अन् मंग डॉक्टरले हाड कोनतं न् सोनं कोनतं ते समजत नाही."

मी एकेक काढून दिलं. त्यानं ते खिशातल्या रुमालात ठेवून गाठ मारली आणि रुमाल माझ्याच हाती दिला. "मोजून घ्या. मंग म्हनान, फोटोवाल्यानं ठेवून घेतलं."

मग एक जाड, जड, शिशाचा अंगरखा माझ्या अंगावर चढवला. बैलावर झूल टाकावी तसा.

"हे कायले?"

"फोटो जबड्याचा आहे. बाकीच्या अंगाले कायले तो उजेड? लागते तेवढाच घ्यावा."

"अन् तुमी त्या पडद्यामागं कायले चालले? भेव वाटते?"

"तुमी जन्मात एखादा फोटो काढान. एकानं काही होत नाही. मी रोज दहा काढतो. मी समोर उभा राह्यलो तर म्हातारपनी पाहाले माहा फोटो बी राहाचा नाही." तो पडद्याशी गेला, परत आला, घुटमळला. "अजून एक... बायायले विचारा लागते. लग्न झालं का तुमचं?"

"ते कायले?"

"मशिनीले सांगा लागते."

"मशिनीले म्हना, नाही झालं."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य भिंतीकडे पाहून बोलला. "मशीन विचारून राह्यली, काही राह्यलं तर नाही नं अंगावर? नीट पाहा."

माझा हात वेणीकडे गेला नाही. मी त्याला जाऊच दिला नाही. दाराबाहेर बाबांचं खाकरणं ऐकू येत होतं.

"काही नाही," मी म्हणाले.

अर्ध्या तासानं मोठ्या डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडावर धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जबड्याच्या कोपऱ्याशी एक पांढरा डाग होता. लख्ख पांढरा.

"गुरुजी, हाडात काहीतरी टणक वाढतंय. हे इथलं काम नाही, नागपूरला न्या. कदाचित... जबड्याचा तेवढा तुकडा काढावा लागेल."

बाबांनी फिल्मकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "दसऱ्याले दीक्षाभूमीवर जानारच होतो साहेब. आता उद्याच जातो." ओसरीत येऊन ते छत्री मिटायला लागले. छत्री मिटलेलीच होती.

ते गाडीची वेळ विचारायला गेले तेव्हा देवमन फिल्म घेऊन माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली. "हे पाहा. या डागाच्या चारी कडा सरळ आहेत. एका बाजूनं बारीक कडी बी दिसते. हाडातला रोग असा पट्टी लावून वाढत नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमचा हात कुठं आहे आता?"

माझा हात वेणीवर होता.

मी रडले. गाल सुजलेला असताना रडणं म्हणजे दुप्पट शिक्षा. हुंदके देत त्याला सगळं सांगितलं, बाबांचं, मायचं, दिलेल्या शब्दाचं. "बाबाले समजलं तर ते मायच्या हातचं जेवनार नाहीत. ते बोलतात तसंच करतात वो..."

"अन् जबडा कापून घेता का मंग?"

मी पदरानं नाक पुसलं.

त्यानं फिल्म खाली केली. "वेनी सोडा. ते काढून ठेवा. लवकर!"

मग डॉक्टरांच्या खोलीतून जो आवाज चढला तो अख्ख्या ओसरीनं ऐकला. देवमन सांगत होता, "साहेब, चूक माही. पेशंटच्या उजव्या कानातलं काढाचं राहून गेलं." डॉक्टर म्हणाले, घर उद्ध्वस्त झालं असतं एखाद्याचं! फिल्म झाडाला लागतात का? लिही, रजिस्टरमध्ये लिही स्वतःच्या हातानं!

त्यानं लिहिलं. पुन्हा फोटो निघाला. डाग गेला होता. राहिली होती फक्त एक अक्कलदाढ, हाडात आडवी झोपलेली. गोळ्या घ्या, सूज उतरली की आठ दिवसांनी या, काढून टाकू.

परतीच्या गाडीत बाबांचा जीव भांड्यात पडला होता, आणि म्हणूनच त्यांना रागवायला फुरसत मिळाली. "काय बेफिकीर पोरगं! असल्यायले नोकरीवर ठेवतात कसे?" मालेगाव येईपर्यंत ते तेच बोलत होते. मी खिडकीबाहेर पाहत होते. ताईत माझ्या मुठीत होता.

आठ दिवसांनी गेलो तर कंपाउंडर नानाजी पुड्या बांधता बांधता सहज म्हणाले, "बरं झालं सूज उतरली. त्या फिल्मीपायी पोराची नोकरी गेली मात्र. सहा महिने पाहून कायम करनार होते. आता या महिन्याचाच पाहुना आहे."

मी सरळ एक्स-रेच्या खोलीशी गेले. तो काळी खिडकी पुसत होता.

"तुमी कायले लिहिलं तसं?"

"मंग काय लिहाचं होतं? पेशंटच्या मायनं ताईत बांधला? गुरुजी तवापर्यंत ओसरीत येऊन बसले होते."

"अन् तुमची नोकरी?"

"भेटन दुसरी." त्यानं फडकं झटकलं. "मले माय नाही. लहानपनीच गेली. माह्या केसात कोनी काही बांधलं असतं, तर मी बी सोडलं नसतं."

हे बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बरंच झालं. माझा चेहरा तेव्हा एक्स-रेशिवायही वाचता आला असता.

मी वळले.

"कुठं चालल्या?"

"बाबांकडे."

"विमलबाई, ऐका... तुमी मायले शब्द देला आहे."

तो मला विमलबाई म्हणाला होता. एकोणिसाव्या वर्षी! दुसरी वेळ असती तर मी त्यावर दिवसभर हसले असते.

बाबा बाकावर पेपर वाचत होते. मी त्यांच्या पेपरवर ताईत ठेवला.

"हे कोनाचं?"

"माहं. त्या दिवशी वेणीत होतं. तो पांढरा डाग याचाच. त्यांनी मले विचारलं होतं, मी नाही म्हटलं. त्यांची चूक नाही बाबा. ते माह्यापायी खोटं बोलले."

"कोनं बांधलं?"

त्यांना ते सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं आता आवाज चढेल. पण आवाज चढला नाही.

"तिले माह्याजवळ बोलता नाही आलं का गं?" ते म्हणाले. मग चष्म्याची काडी मिटत, "एवढा वाईट आहो का मी?"

मी त्यांच्या गुडघ्याशी बसून राहिले. नाही म्हणणं सोपं होतं, पण खोटं बोलून नुकतंच काय होतं ते पाहिलं होतं.

बाबा उठले आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "साहेब, त्या फिल्मची चूक या पोराची नाही. माझ्या घरातली आहे. रजिस्टरात तसं लिहा. खाली सही मी करतो."

डॉक्टरांनी ताईत हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग देवमनला बोलावून असं काही झापलं की मागच्या वेळचं ओरडणं लाडाचं वाटावं. "मला खोटी नोंद नको! खरी चूक चालेल!" शेवटी म्हणाले, "महिनाभर रजिस्टर नानाजी लिहितील. तुझ्या अक्षरावर माझा विश्वास नाही. जा, कामाला लाग."

जा, कामाला लाग. म्हणजे नोकरी राहिली.

त्याच दिवशी माझी दाढ निघाली. अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा, आणि अर्धा तास तोंड उघडायचं नाही अशी ताकीद. मी ओसरीच्या टोकाला बसले होते. देवमन आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. लबाड! बरोबर वेळ साधली होती.

"मशिनीनं त्या दिवशी एक विचारलं होतं," तो म्हणाला. "लग्न झालं का, म्हनून."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"ते विचाराचं कारन वेगळं असते. ते... जाऊ द्या. पन आता मशीन दुसरंच विचारून राह्यली. मशीन म्हनते, नसन झालं, तर..."

पुढे त्यालाच बोलता येईना. माझ्या तोंडात तरी बोळा होता, त्याच्या काय होतं?

मी बोट वर केलं आणि बाकावरच्या बाबांकडे दाखवलं.

तो पांढराफटक पडला. "गुरुजी मारतीन?"

मी मान हलवली. नाही. पुन्हा बोट दाखवलं.

"गुरुजीले... विचारू?"

मी डोळे मिटले आणि उघडले. बोळ्याआडून जेवढं हसता येईल तेवढं हसले. त्यानं मला हसू नका म्हटलं नाही.

दसरा झाल्यावर तो मामाला घेऊन मालेगावला आला. नवा सदरा, भांग पाडलेला. बाबांनी त्यांना खाटेवर बसवलं आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"पोरगा कामाचा आहे, मनाचा बी चांगला आहे," ते मामाला म्हणाले. "पन खोटं बोलला. अन् लिहून बोलला. खोटं बोलनारा जावई मले चालनार नाही."

मी दाराआड. बाबा बोलले की बोलले, हे मी जन्मभर पाहिलं होतं. देवमन मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, बोललो. नाही म्हनत नाही."

तेव्हा माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या ताईताच्या दिवसापासून ती बाबांच्या ताटात वाढायची, पण नजर वर करायची नाही. बाबा जेवत होते, रोज, एक शब्द न काढता. आज तिनं नजर वर केली.

"तो माह्यासाठी खोटं बोलला," ती म्हणाली. "तुमच्या ताटासाठी. मले ज्याचं भेव वाटत होतं, त्याचं ओझं त्यानं घेतलं. आता तुमाले जेवाचं नसन माह्या हातचं, तर आजपासून नका जेवू. पन त्याले परत पाठवू नका."

चुलीवरचं दूध उतू गेलं, पण उठून कोणी गेलं नाही.

बाबांनी मायकडे पाहिलं. अठरा वर्षांचं पाहणं एकदम. मग मामांना म्हणाले, "आज इथंच जेवा. सगळेच जेवू. हिच्या हातची पुरनपोळी वाशीमले भेटत नाही."

वैशाखात लग्न झालं. ती बिघडलेली फिल्म बाबांनी डॉक्टरांकडून मागून घेतली. दर वर्षी शाळेत ती खिडकीला लावून पोरांना दाखवायचे, "पाहा, या ताईतापायी एका पोरीचा जबडा कापला गेला असता." कोणाची पोरगी, कोणाची माय, ते कधी सांगितलं नाही. आणि मशिनीच्या त्या पहिल्या प्रश्नाचं खरं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. थोरला पोटात होता आणि देवमननं मला एक्स-रेच्या खोलीच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेले होते. दाढा बसवायच्या आहेत, म्हणून डॉक्टरांनी जबड्याचं सी.टी. स्कॅन सांगितलं. आता खिडक्यांना काळा रंग नाही. मशीन डोक्याभोवती एक फेरी मारते आणि जबडा चारी बाजूंनी पडद्यावर उभा करते. पोरगी होती फोटो काढायला, माझ्या नातीएवढी. ती बोलत होती आणि मी मनातल्या मनात तिच्याआधी बोलत होते. कानातलं, नाकातलं, पिना काढा आजी. हलू नका. गिळू नका.

देवमन दारात उभे होते. डोक्यावर केस नाहीत, पण कान तसेच. मी एकेक काढून दिलं, कुड्या, चमकी, गळ्यातली पोत, आणि त्यांनी ते रुमालात ठेवून गाठ मारली.

"बाई, तिची वेनी पाहून घेजो," ते पोरीला म्हणाले.

पोरीला काही कळलं नाही. तिनं माझी हनुवटी मशीनच्या आधारावर नीट टेकवली आणि विचारलं, "काही राहिलं तर नाही ना आजी?"

मी दाराकडे पाहिलं. ते रुमाल छातीशी धरून उभे होते, त्या काळ्या खोक्यासारखा.

"नाही गं बाई," मी म्हणाले. "काही राहिलं नाही."